कौशल्याबाईचं लुगडं

मनीषनगरात बेसा रोडला लागायच्या आधी डाव्या हाताला एक गल्ली वळते. त्या गल्लीतलं तिसरं दुकान गोपिकाबाईंचं. पाटीवर 'ब्लाऊज, फॉल, पिको, फ्रॉक' असं लिहिलेलं आहे. पण त्या दुकानातून हल्ली जे बाहेर पडतं ते पाटीवर लिहिण्यासारखं नाही. गोपिकाबाई फाटायचे कपडे शिवतात.

म्हणजे मुद्दाम फाटायचे. शनिवारी संध्याकाळी लोकल चॅनेलवर, आणि मग आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर, 'आखाडा नागपूरचा' नावाचा कुस्तीचा कार्यक्रम लागतो. ही कुस्ती मातीतली नव्हे. उंच चौकोनी रिंग, चारी बाजूंनी दोर, रंगीत लाइट, धूर, आणि त्या धुरातून डरकाळ्या फोडत येणारे पैलवान. प्रत्येकाचं कुणाशी तरी मागच्या भागापासून वैर असतं, कोण जिंकणार ते आधीच लिहिलेलं असतं, आणि दर भागात कुणाचा तरी शर्ट टराटरा फाटतो. तो शर्ट गोपिकाबाईंच्या मशीनवरून गेलेला असतो.

बघणाऱ्याला वाटतं, ताकद लावली की कापड फाटतं. तसं नसतं. कार्यक्रमाचं शूटिंग दर रविवारी जवळच्याच एका लग्नाच्या लॉनमधल्या हॉलमध्ये होतं. पहिल्या भागाच्या वेळी एका ड्रेसची तुटलेली चेन बदलायला म्हणून गोपिकाबाईंना तिथे बोलावलं होतं. त्यांच्यादेखत एका पैलवानाने दुसऱ्याचा नवाकोरा शर्ट ओढला. शर्ट फाटला नाही, नुसता लांबला, आणि आतल्या माणसाचा गळा आवळून तो जांभळा पडायला लागला. कुणीतरी कात्री आणली. गोपिकाबाई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "बाप्पा, असं कुठं फाटते का कापड? फाटणं शिवा लागते."

मग त्यांनी ते शिवून दाखवलं. गळ्याच्या पट्टीखाली ब्लेडने एवढीशी खाच, पुढची मधली शिवण उसवून तिथे कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने मोठ्या टाक्यांची कच्ची टीप, बाकी सगळीकडे दुहेरी पक्की. पैलवानाने शंभर उड्या मारल्या तरी हलता कामा नये, आणि हिसका बसला की एका दमात उघडलं पाहिजे. हे जमायला त्यांची पंचवीस वर्षांची ब्लाऊजची शिलाई कामी आली. कोणती शिवण किती ताण खाते ते मनीषनगरातल्या निम्म्या बायकांच्या दंडांनी त्यांना शिकवलं होतं.

सोबत त्यांनी एक रिवाजही पाडला. रिंगमध्ये जायच्या आधी ज्याचा कपडा फाटायचा आहे, त्याचं बोट धरून त्या शिवणीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "इथं. इथून जाते." तो मान हलवायचा, मगच त्या त्याला सोडायच्या. छातीवर रुळणारी दाढी असलेले बाप्येसुद्धा शाळेतल्या पोरासारखे रांगेत उभे राहून बोट ठेवून जायचे. गोपिकाबाईंचं म्हणणं साधं होतं. अंगावरचा कपडा आहे. कुठून जाणार ते माणसाला ठाऊक पाहिजे.

घरी या कामाचं कौतुक नव्हतं. त्यांचे यजमान रुपरावजी चौकीदारीतून रिटायर झालेले. ते दुपारभर दुकानात स्टुलावर बसून पेपर वाचत आणि अधूनमधून ऐकवत, की लोक विचारतात, तुमच्या घरची बाई फाटके कपडे शिवते म्हणे. वरच्या मजल्यावरच्या शोभाताई पिको करायला आल्या की म्हणायच्या, ते सगळं खोटं असतं हो.

"खोटं काहून?" गोपिकाबाई मशीन न थांबवता म्हणायच्या. "पडते तं खरंच ना. पाठ खरी, फळ्या खऱ्या. फक्त कोण जिंकणार ते ठरलेलं राह्यते. तुमच्या घरच्या भांडणात नाही का ठरलेलं राहत?"

शोभाताई पुढच्या वेळेपासून फक्त पिकोच्या दोऱ्यावर बोलू लागल्या.

आखाड्यात दोनच मुली होत्या. वैभवी सकाळी एका शाळेत ज्युदो शिकवायची आणि रविवारी काळा गॉगल लावून 'मेमसाब' व्हायची. लोकांनी शिव्या घालाव्यात म्हणून गावाकडच्या बायकांना नावं ठेवत रिंगमध्ये यायची. दुसरी काजल. पारशिवनीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, कबड्डी खेळून तयार झालेली, बावीस वर्षांची. तिचं रिंगमधलं नाव 'पेंचची वाघीण'. रिंगबाहेर दोघी एकाच डब्यातून खायच्या आणि एकमेकींच्या पाठीला मलम लावायच्या.

काजलची आई कौशल्याबाई सहा महिने लेकीशी बोलली नव्हती. पोरीने टीव्हीवर कुस्ती खेळावी हे तिला पटलं नव्हतं. फोन लावला की तिकडून काजलचा भाऊ बोलायचा, आणि मागे आईचा आवाज यायचा तो कोंबड्यांना हाकलण्यापुरता. अशात सीझनच्या शेवटच्या भागाला नऊ दिवस उरले असताना काजल दुकानात आली. हातात कापडात बांधलेलं गाठोडं होतं. तिने ते मशीनवर ठेवून उघडलं. हिरवं सुती लुगडं, रुंद लाल काठ, पेटीतल्या कापराचा वास.

आईने आपणहून पाठवलं होतं. निरोप एवढाच, जायचंच आहे तर माझं लुगडं नेसून जा. आणि त्या दिवशी आई स्वतः गावातल्या चार बायका घेऊन बघायला येणार होती. गोपिकाबाईंनी लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून पाहिला. त्या स्वतः त्याच भागातल्या. हे लुगडं सणाचं आहे आणि आयुष्यात चार वेळाच नेसलं गेलं आहे, हे त्यांना घडीवरून कळलं.

तीन दिवसांनी विहंग आला. आखाड्यातली सगळी वैरं, सगळे विजय आणि सगळे पराभव लिहायचा तो. धरमपेठेतल्या चांगल्या घरचा, तिशीचा, पायताण दुकानाबाहेर काढून आत येणारा. त्याने रुपरावजींना नमस्कार केला, पाणी घेतलं, लुगडं पाहिलं आणि खूश झाला. वाघीण लुगडं नेसून येणार, ही कल्पना त्याने उचलूनच धरली. मग त्याने पुढचं सांगितलं.

मेमसाब वाघिणीचा पदर धरणार. धरून गोल फिरवणार. लुगडं सगळं सुटून मेमसाबच्या हातात येणार. आत काळी चड्डी आणि बनियन असेलच, त्यामुळे वावगं काही दिसणार नाही. तेवढ्यासाठी आतून पाच ठिकाणी कच्ची टीप आणि कमरेला चिकटपट्टी, असं गोपिकाताईंनी करून द्यायचं.

"काजलले सांगितलं?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"नाही. आणि तुम्हीही सांगू नका. लुगडं नेसायचंय एवढंच तिला माहीत आहे. चेहऱ्यावर खरा धक्का दिसला पाहिजे, ताई. तो अभिनयाने येत नाही."

"तिची माय येऊन राहिली पाहायले."

"मीच पुढच्या रांगेत जागा ठेवल्यात त्यांना," विहंग उत्साहाने म्हणाला. "एक कॅमेरा फक्त आईवर लावणार आहे."

रुपरावजींच्या हातातला पेपर खाली आला. गोपिकाबाईंनी लुगड्याची घडी पुन्हा नीट घातली, काठावर काठ बसवला.

"मी नाही शिवत हे," त्या म्हणाल्या.

विहंगने समजूत घातली. बाईच बाईचं ओढते आहे, यात वाईट ते काय. रिंगमध्ये रोज कुणाचं तरी काही तरी फाटतं, ते ताईच तर शिवतात. गोपिकाबाई म्हणाल्या, फाटतं ते त्याला विचारून फाटतं. विहंग हळूच म्हणाला की चॅनेलवाले तसेही पुढच्या सीझनचे ड्रेस मुंबईहून मागवू म्हणतात, तोच त्यांना थोपवून धरतो आहे. गोपिकाबाईंनी घडी केलेलं लुगडं बाजूला ठेवलं. मग विहंगने घड्याळ पाहिलं, हसला, आणि उठला.

"बरं, नका शिवू. टाकाच घालू नका. नुसतं नेसवा. शिवलेलं नसलं तर उलट सोपं, एका ओढीत मोकळं होईल. मी उगीच तुम्हाला टिपा मारायला लावत होतो."

गोपिकाबाईंनी अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं, "मंग न शिवता नेसवू? पाहा बरं. तुम्ही म्हणता म्हणून."

"मी म्हणतो म्हणून," विहंग म्हणाला आणि पायताण घालून गेला.

त्याची गाडी वळेपर्यंत दोघंही नवराबायको गल्लीकडे पाहत राहिली. मग रुपरावजी म्हणाले, "या पोट्ट्याच्या घरी नऊवारी कोणी नेसत नसन वं."

"त्याच्या आजीनं सोडून दिली असन."

रुपरावजींनी पेपरची घडी केली. पारशिवनीकडच्या धानाच्या बांध्या त्यांनीही पाहिल्या होत्या. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायका सकाळी लुगडं कसून चिखलात उतरतात, दिवसभर वाकून मागे मागे सरकतात, पाय गुडघाभर रुततो, कधी घसरून पडतात, कधी एकमेकींना ओढून काढतात. आणि संध्याकाळी बाहेर येतात तेव्हा निरी जागची हललेली नसते. त्या नेसण्यात ना सुई, ना पिन, ना चिकटपट्टी. कमरेला एक गाठ असते, आणि पदर तिच्याखालून असा फिरवलेला असतो, की पदराला जितकी ओढ बसेल तितकी गाठ आवळते.

"येते का तुले अजून ती गाठ?" रुपरावजींनी विचारलं.

गोपिकाबाईंनी शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाइकाची पिकोला आलेली नऊवारी होती, ती त्यांनी अंगावरच्या साडीवरूनच गुंडाळली. पहिल्या खेपेला गाठ सुटली. दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे मिटले, आणि हातांना आईची आठवण झाली. कासोटा मागे घट्ट खोचून त्या दुकानाच्या मधोमध पाय रोवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ओढा."

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. रुपरावजींनी आधी भीतभीत ओढलं. मग दोन्ही हातांनी. मग भिंतीला पाय लावून. गाठ चर्रकन आवळली, आणि गुळगुळीत फरशीवरून रुपरावजीच बायकोकडे घसरत येऊन स्टुलावर आपटले. गोपिकाबाईंना हसू आवरेना. स्टुलावर बसल्या बसल्या ते म्हणाले की जाऊ दे काम गेलं तर. आणि पोट्टीला आधी सांग.

ते गोपिकाबाईंच्या मनात होतंच. गाठ कितीही पक्की असो, बोट ठेवल्याशिवाय त्या कुणाला पाठवणार नव्हत्या.

रविवारी दुपारी लॉनचा हॉल भरला होता. मुलींची तयारीची खोली म्हणजे लग्नात नवरीला बसवतात ती. आरशाभोवती अजून मागच्या लग्नाची झेंडूची माळ होती. गोपिकाबाईंनी दार लावून घेतलं आणि दोघींना समोर बसवून, एकही शब्द न गाळता, विहंग काय म्हणाला ते सांगितलं. शेवटचा कॅमेऱ्याचा भागही सांगितला.

वैभवीचा गॉगल कपाळावरून खाली आला. "मला तर म्हणाले, काजलला सगळं माहीत आहे. तिनेच हो म्हटलंय म्हणाले." मग ती काजलकडे वळली. "मी नाही ओढत. पाय मुरगळला म्हणून सांगते."

काजलने आरशाभोवतीच्या माळेतलं एक सुकलेलं फूल खुडलं. बाहेर माइकवाला लोकांकडून टाळ्या वाजवून घेत होता.

"आईले पुढं बसवलं ते यासाठी," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग गोपिकाबाईंकडे वळली. "मावशी, तुम्ही म्हणता ती गाठ सुटत नाही?"

"तुह्या काकाजींले ओढाले लावली होती. सहा दिवसापासून कंबर धरून फिरून राहिले."

काजल उभी राहिली आणि हात बाजूला पसरले. "मंग नेसवा." आणि वैभवीला म्हणाली, "तू ओढशीन. खोटं नको ओढू. सारा जोर लावून ओढ."

गोपिकाबाईंनी लुगडं नेसवलं. गाठ मारून, पदर फिरवून, कासोटा कसून झाल्यावर त्यांनी नेहमीसारखं काजलचं बोट धरलं आणि गाठीवर ठेवलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "इथून नाही जात."

वाघीण धुरातून लुगड्यात आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पाच बायका आधी टाळ्या वाजवायलाच विसरल्या. कौशल्याबाई मधोमध होत्या, हात मांडीवर जोडून, जणू शाळेत कुणी त्यांना बोलावून घेतलं आहे. मेमसाबने माइक हातात घेऊन लुगड्याला नावं ठेवली, हॉलभर शिट्ट्या झाल्या, आणि दोघी भिडल्या. दोन पटकण्या हिच्या, दोन तिच्या, ठरल्याप्रमाणे. मग मेमसाबने पदर धरला. विहंग पडद्याजवळ कानाला यंत्र लावून उभा होता, त्याने बोट वर केलं. आईवरचा कॅमेरा पुढे सरकला.

वैभवीने ओढलं. काहीच झालं नाही.

तिने पदराचा पीळ मनगटाला घेतला आणि ज्युदोच्या सगळ्या वर्षांचा जोर लावून ओढलं. कापडाचा आवाज झाला. काजल हातभर पुढे घसरली, मग तिने गुडघे वाकवले, टाचा रोवल्या आणि थांबली. चिखलात उभी राहते तशी. हॉल गप्प झाला. वैभवीने दोराला पाय लावून तिसऱ्यांदा ओढलं, आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून कौशल्याबाईंचा हसू फुटलेला आवाज आला.

"अवं, आवळते ते. ओढ आणखी."

त्या उभ्या राहिल्या होत्या. शेजारच्या चारही उठल्या. सगळं आयुष्य रोवणीत गेलेल्या बायका त्या; मेमसाब कशाशी झोंबते आहे ते त्या हॉलात त्यांनाच सगळ्यात आधी कळलं होतं. मागच्या रांगांना काय चाललं आहे ते हळूहळू उमगत गेलं, तसं हसू मागे मागे पसरलं, आणि मग सगळा हॉल एका सुरात म्हणायला लागला, "ओढ आणखी. ओढ आणखी." कॅमेरा ज्या रडण्याची वाट पाहत होता, तिथे तोंडाला पदर लावून हसणारी कौशल्याबाई होती.

काजलने मग तोच पदर आपल्या हाताने धरला आणि विहिरीवरचा दोर ओढावा तसा हात हात ओढायला लागली. दुसऱ्या टोकाला वैभवी होती. ती सोडू शकली असती. सोडलं नाही. घसरत घसरत वाघिणीच्या पुढ्यात आली, अंगावर उचलली गेली, आणि पाठीवर आपटली. लिहिलेलं होतं ते मेमसाब जिंकणार असं. पंचाने पडद्याकडे पाहिलं, पडद्याकडून काही आलं नाही. वैभवीने खांदे फळीला टेकवून ठेवले आणि डोळे मिटून घेतले. पंचाला तीन मोजून वाघिणीचा हात वर करावा लागला.

विहंगने गोपिकाबाईंना बोळातच गाठलं. तो ओरडला नाही, तसा तो ओरडणारा नव्हताच. फक्त विचारलं, कुठे टीप मारली होती. पक्की मारली ना, मला न सांगता.

"सुईच नाही लावली," गोपिकाबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाले तसंच केलं. न शिवता नेसवलं. हे दुकानातच बसले होते, यांच्यासमोर म्हणाले तुम्ही."

मागे रुपरावजी उभे होते. त्यांनी कमरेवर हात ठेवून मान हलवली.

"आणि काजलला सांगितलंत," विहंग म्हणाला.

"सांगितलं. हरवेळी सांगते. पुढंबी सांगीन."

विहंग म्हणाला, मग पुढच्या सीझनला ड्रेस मुंबईहूनच येतील. गोपिकाबाई म्हणाल्या, आणा. फक्त त्यांना सांगा, घालणाऱ्याला बोट ठेवू देत जा. ते मुंबईचे ड्रेस किती भाग टिकले आणि कोणाच्या गळ्यात अडकले, ते नागपूरने मोबाइलवर पाहिलंच आहे; काम पुन्हा गोपिकाबाईंच्याच मशीनवर आलं.

त्या नवरीच्या खोलीत परत आल्या तेव्हा कौशल्याबाई लेकीच्या समोर उभ्या होत्या. काजलने लुगडं सोडून ड्रेस घातला होता, आणि आई ते लुगडं हातावर घेऊन काठ सरकवत सरकवत तपासत होती, पोराचं डोकं तपासावं तसं. पदराजवळ तिचे हात थांबले. लाल काठ वीतभर फाटला होता. वैभवीने मनगटाला पीळ दिला होता तिथेच. कोपऱ्यात बर्फ लावून बसलेली वैभवी ओशाळून उठायला लागली.

गोपिकाबाईंनी सवयीने स्वतःच्या पदराला लावलेली सुई काढली. लाल दोरा त्यांच्या पिशवीत होताच. आत्ता रफू करून देते म्हणाल्या, दिसणारसुद्धा नाही.

"राहू द्या, बाई," कौशल्याबाई म्हणाल्या. त्यांनी फाटलेला काठ वर येईल अशी लुगड्याची घडी घातली आणि ते काखेत धरलं. "गावात लोकं इचारतीन हे कसं फाटलं म्हणून. मले सांगाचं आहे."